रशियातील १९९६ ची अध्यक्षीय निवडणूक आणि तदनंतरची परराष्ट्रनीती

दि. ३ जुलै १९९६ रोजी रशियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी पार पडली. तीत बोरिस येल्त्सिन यांना शेकडा ५३.८, तर त्यांचे कम्युनिस्ट प्रतिस्पर्धी गेन्नादी झ्युगानोव्ह यांना शेकडा ४०.३ मते पडली. पश्चिमेकडे हा निकाल लोकशाहीचा निर्णायक विजय म्हणून वाखाणला गेला, आणि रशियाची परराष्ट्रनीती आता पुन्हा पश्चिमाभिमुख होईल असे अनुमान पुष्कळांनी त्यावरून बांधले. घडले ते निराळे. जो निवडणूक जिंकतो त्याचे धोरण राज्यात चालते, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु १९९६ नंतरच्या तीन वर्षांत रशियाचे अर्थकारण विजेत्यांकडे राहिले आणि परराष्ट्रनीतीची भाषा मात्र पराभूतांची झाली. ही विलक्षण वाटणी कशी झाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम या विजयाची घडण लक्षात घेतली पाहिजे. १९९५ च्या डिसेंबरात झालेल्या ड्यूमाच्या निवडणुकीत ४५० पैकी १५७ जागा कम्युनिस्टांनी जिंकल्या होत्या, आणि वर्षारंभी येल्त्सिन यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. तेथून ते विजयापर्यंत पोहोचले ते मुख्यत्वे दोन आधारांवर. पहिला आधार धनिकांचा. १९९५ मध्ये ‘समभाग-तारण कर्ज’ योजनेखाली नोरिल्स्क निकेल, यूकोस यांसारखे अवाढव्य सरकारी उद्योग काही थोड्या बँकवाल्यांकडे गेले होते. झ्युगानोव्ह सत्तेवर आले तर ही मिळकत हातची जाईल, या भीतीने ते सर्वजण, आणि त्यांच्या ताब्यातील दूरचित्रवाणी, येल्त्सिन यांच्यामागे उभे राहिले. दुसरा आधार जनरल अलेक्सांद्र लेबेद यांचा. दि. १६ जूनच्या पहिल्या फेरीत येल्त्सिन यांना शेकडा ३५.३, झ्युगानोव्ह यांना ३२ आणि लेबेद यांना १४.५ मते पडली. दोनच दिवसांत लेबेद सुरक्षा परिषदेचे सचिव झाले. दोन फेऱ्यांच्या दरम्यान येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला, ही गोष्ट मतदारांपासून लपवून ठेवण्यात आली.

विजय असा उसनवारीचा असल्यामुळे परतफेडीला लगेच सुरुवात झाली. प्रचाराच्या काळात उदारहस्ते दिलेली खर्चाची आश्वासने ऑगस्टमध्ये मोठ्या प्रमाणावर मागे घेण्यात आली. निवृत्तिवेतने व पगार पुन्हा थकू लागले. सरकारी रोख्यांवर अवाच्या सवा व्याज देऊन तिजोरी चालविली गेली, आणि हे रोखे घेणाऱ्यांत निवडणुकीला पैसा पुरविणाऱ्या बँकाच अग्रभागी होत्या. व्लादिमिर पोतानिन प्रथम उपपंतप्रधान झाले. बोरिस बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेचे उपसचिव झाले. या मंडळींसाठी रशियन भाषेत एक नवा शब्द रूढ झाला: ‘सेमिबांकिर्श्चिना’, म्हणजे सात बँकवाल्यांचा अंमल. १६१० मध्ये झार वासिली शुइस्की यांना पदच्युत करून सात बोयारांनी, अर्थात सात सरदारांनी, सत्ता घेतली आणि पोलिश सैन्याला मॉस्कोचे दरवाजे उघडून दिले. त्या राजवटीचे ‘सेमिबोयार्श्चिना’ हे नाव रशियन विद्यार्थ्याला शालेय वयापासून ठाऊक असते. नवा शब्द त्याच साच्यातून काढलेला आहे. ‘श्चिना’ हा प्रत्यय एखाद्याच्या अमलाचा बोध करून देतो, आणि पुष्कळदा त्या अमलाविषयीची घृणाही व्यक्त करतो; १९३७-३८ च्या दहशतीला ‘येझोव्श्चिना’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘मोगलाई’ या मराठी शब्दाला लागलेली बेबंदशाहीची छटा ध्यानात घेतली, तर या शब्दाची धार कळण्यास मदत होईल. त्यात एक आरोप दडला होता: हे लोक केवळ लुबाडणारे नव्हेत, तर परक्यांना दार उघडून देणारे आहेत. अंतर्गत असंतोष आणि परराष्ट्रनीती यांचा सांधा या एका शब्दात सापडतो.

दरम्यान राज्याचा कर्ता पुरुषच दिसेनासा झाला होता. दि. ६ ऑगस्ट रोजी चेचेन बंडखोरांनी ग्रोझ्नी शहरावर चाल केली. तीन दिवसांनी मॉस्कोत येल्त्सिन यांचा शपथविधी घाईघाईने उरकण्यात आला. दि. ३१ ऑगस्टला लेबेद यांनी अस्लान मस्खादोव्ह यांच्याशी खासाव्ह्यूर्त येथे करार करून युद्ध थांबविले आणि चेचन्याच्या दर्जाचा प्रश्न २००१ च्या अखेरीपर्यंत पुढे ढकलला. आपल्याच देशाच्या एका भागाशी परराष्ट्राशी करावी तशी वाटाघाट करण्याची पाळी सरकारवर आली होती. ऑक्टोबरात लेबेद बडतर्फ झाले. नोव्हेंबरात येल्त्सिन यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे एक दिवस सर्व अधिकार पंतप्रधान व्हिक्टर चेर्नोमिर्दिन यांच्याकडे होते. १९९३ च्या राज्यघटनेने परराष्ट्रनीतीचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांकडे सोपविले होते. राष्ट्राध्यक्ष रुग्णशय्येवर असताना ते व्यवहारतः परराष्ट्रमंत्री येव्गेनी प्रिमाकोव्ह यांच्याकडे गेले.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रिमाकोव्ह यांची नेमणूक जानेवारी १९९६ मधली, म्हणजे निवडणुकीच्या पूर्वीची. मग त्यांच्या नीतीचा संबंध निवडणुकीच्या निकालाशी कसा जोडावा? आक्षेप रास्त आहे. पश्चिमानुकूल आंद्रेइ कोझिरेव्ह यांना दूर करून अरबी जगाचे अभ्यासक व गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख असलेल्या प्रिमाकोव्ह यांना आणणे, हे डिसेंबरच्या ड्यूमा-निवडणुकीला दिलेले उत्तर होते. तथापि खरा प्रश्न नेमणुकीचा नसून त्यांना ठेवण्याचा आहे. विजयानंतर येल्त्सिन यांना मोकळीक होती. चुबाइस यांच्यासारखा सुधारणावादी त्यांनी जुलैतच अध्यक्षीय प्रशासनाच्या प्रमुखपदी आणला. मग परराष्ट्र खाते का बदलले नाही? कारण ड्यूमा तीच होती. अंदाजपत्रक व तहांची संमती तिच्या हाती होती. १९९३ मध्ये स्वाक्षरी झालेल्या दुसऱ्या स्टार्ट कराराला तिने एप्रिल २००० पर्यंत मान्यता दिली नाही. कम्युनिस्टांना कारखाने परत देणे शक्य नव्हते. ‘देर्झावा’, म्हणजे महासत्ता, हा शब्द मात्र देता येण्यासारखा होता, आणि त्याला तिजोरीतून काही खर्च येत नव्हता.

अशा शब्दांची टंचाई सरकारला किती जाणवत होती, याचे प्रत्यंतर जुलै १९९६ मध्येच येते. विजयानंतर थोड्याच दिवसांत येल्त्सिन यांनी आपल्या सहकाऱ्यांना रशियासाठी एक नवी ‘राष्ट्रीय कल्पना’ वर्षभरात शोधण्यास सांगितले. सरकारी वृत्तपत्राने त्यासाठी स्पर्धाही घेतली! नोव्हेंबरात ऑक्टोबर क्रांतीच्या वार्षिक दिनाचे नाव बदलून ‘एकमत व समेट दिन’ ठेवण्यात आले. हुकमाने एकमत होत नाही, हे वेगळे सांगावयास नको. प्रिमाकोव्ह यांची ‘बहुध्रुवीय जग’ ही संज्ञा मात्र टिकली. ती एप्रिल १९९७ मध्ये येल्त्सिन व ज्यांग झमिन यांच्या संयुक्त घोषणापत्राच्या शीर्षकातच आली.

परंतु शब्दामागे साधने नव्हती. नाटोच्या पूर्वेकडील विस्ताराला रशियात सर्वपक्षीय विरोध होता. मार्च १९९७ मध्ये हेल्सिंकी येथे येल्त्सिन यांनी क्लिंटन यांच्यापुढे तो मांडला, आणि दि. २७ मे रोजी पॅरिस येथे नाटोबरोबरच्या पायाभूत करारावर स्वाक्षरी केली. या कराराने रशियाला सल्लामसलतीची जागा मिळाली. नकाराधिकार मिळाला नाही. जुलैत पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक यांना रीतसर निमंत्रण गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हप्त्यांवर अवलंबून असलेल्या सरकारला यापेक्षा अधिक मिळविणे अवघड होते. युक्रेनच्या बाबतीत तर प्रिमाकोव्ह यांनी पराभूतांच्या भाषेपासून फारकतच घेतली. मे १९९७ च्या करारांनी काळ्या समुद्रातील आरमाराची वाटणी झाली, सेवास्तोपोलचा तळ वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि युक्रेनच्या सीमा मान्य झाल्या. ड्यूमातील अनेकांना हे रुचले नाही. तरी डिसेंबर १९९८ मध्ये मैत्री-करार तेथे संमत झाला. तो संमत करून घेऊ शकणारा मनुष्य तोवर पंतप्रधान झाला होता, हा योगायोग म्हणता येणार नाही.

कारण १७ ऑगस्ट १९९८ रोजी ती जुनी उधारी थकली. सरकारने रोख्यांची परतफेड थांबविली, रुबलचे अवमूल्यन केले, आणि तीन आठवड्यांत डॉलर तिपटीहून महाग झाला. येल्त्सिन यांनी चेर्नोमिर्दिन यांचे नाव दोनदा पंतप्रधानपदासाठी सुचविले. ड्यूमाने ते दोन्ही वेळा फेटाळले. तिसऱ्या नकारानंतर ड्यूमा विसर्जित करण्याचा घटनेचा दंडक होता. या कोंडीतून वाट निघाली ती प्रिमाकोव्ह यांच्या नावाने, दि. ११ सप्टेंबरला त्यांना ३१७ मते पडली. यूरी मास्ल्युकोव्ह हे कम्युनिस्ट त्यांचे प्रथम उपपंतप्रधान झाले. जुलै १९९६ मध्ये हरलेला पक्ष अशा रीतीने परराष्ट्र खात्याच्या दारातून मंत्रिमंडळात आला.

त्या डिसेंबरात दिल्लीच्या भेटीत प्रिमाकोव्ह यांनी रशिया, भारत व चीन यांच्या त्रिकोणाची कल्पना बोलून दाखविली. दि. २४ मार्च १९९९ रोजी ते नाणेनिधीशी बोलणी करण्यासाठी वॉशिंग्टनकडे निघाले असताना, यूगोस्लाव्हियावर बाँबहल्ला होणार असल्याचे त्यांना अटलांटिकवर कळले आणि त्यांनी विमान माघारी वळविले. ज्या देशाविरुद्ध निषेध नोंदवावयाचा, त्याच देशाच्या राजधानीत कर्ज मागण्यास निघालेल्या सरकारचे हे चित्र आहे. या कृतीने त्यांची लोकप्रियता वाढली, आणि येल्त्सिन यांच्या निकटवर्तीयांची चिंताही.

दि. १२ मे रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आले. तीन दिवसांनी ड्यूमात येल्त्सिन यांच्यावरील महाभियोग मतास पडला. चेचन्यातील युद्धाच्या आरोपावर ३०० मते आवश्यक असताना २८३ पडली. ३१ डिसेंबर १९९९ रोजी येल्त्सिन यांनी राजीनामा दिला. व्लादिमिर पुतिन यांनी जून २००० मध्ये संमत केलेल्या परराष्ट्रनीतीच्या संकल्पपत्रात बहुध्रुवीय व्यवस्थेचे उद्दिष्ट नमूद झाले. प्रिमाकोव्ह मात्र त्या वेळी एका संसदीय गटाचे नेते होते.