धान कापले की पडदा उघडतो : झाडीपट्टीतील प्रतीक्षेचा इतिहास (थ्रेड)

१/ इंग्लंडमधील ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक बँड १९६२ साली स्थापन झाला. त्याचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा चाहत्यांची १८ वर्षांची प्रतीक्षा संपली, कारण स्वरचित नव्या गीतांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ सालचा होता. स्वीडनच्या ‘ॲबा’ने तर १९८१ नंतर थेट २०२१ मध्ये नवा अल्बम दिला. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झालेल्या बँडच्या चाहत्यांनीही १९९५ ते २०१२ अशी १७ वर्षे वाट पाहिली.

२/ जुन्या, आवडत्या कलावंतांच्या नव्या कृतीची वाट पाहणे हा रसिकाचा स्वभावच आहे. बहुतेक ठिकाणी ही प्रतीक्षा एकेकट्याची असते आणि ती केव्हा संपेल हे कलावंताच्या मर्जीवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला मात्र असा एक प्रदेश आहे, जिथे गावेच्या गावे दरवर्षी ठरलेल्या ऋतूत जुन्या नाट्यमंडळींच्या नव्या नाटकाची वाट पाहतात. या प्रतीक्षेवरच तिथली संपूर्ण रंगभूमी उभी आहे. तिचाच हा इतिहास.

३/ भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा वनाच्छादित, तळ्यांनी भरलेला आणि धान पिकवणारा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. ‘झाडी’ म्हणजे अरण्य. वैनगंगा ही या प्रदेशाची मुख्य नदी. इथली बोली झाडीबोली म्हणून ओळखली जाते. साकोलीचे संशोधक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि इथल्या लोककलांचा अभ्यास आयुष्यभर केला, म्हणून आज त्यांविषयी नेमकेपणाने बोलता येते.

४/ या पट्ट्याच्या उत्तर कडेला, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, बपेरा हे गाव आहे. गावापलीकडे राज्याची सीमा आणि तिच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. ही सीमा फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि दोहोंची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात गेले. कागदावर राज्ये वेगळी झाली, तरी सोयरिकी आणि बाजारहाट तसेच राहिले. म्हणूनच या भागातील रंगमंचाच्या प्रेक्षकांत मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोलींचे कान असतात.

५/ या प्रतीक्षेचे पंचांग धानाच्या पिकाने ठरवले आहे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, त्यानंतर मळणी. पीक हाती येईपर्यंत शेतकऱ्याला ना वेळ असतो ना पैसा. धान घरात आले की दोन्ही मिळतात. त्यामुळे झाडीपट्टीचा नाट्यहंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि साधारण होळीपर्यंत चालतो. उरलेले महिने प्रतीक्षेचे आणि कंपन्यांच्या तयारीचे.

६/ हंगामाची सुरुवात मंडईने होते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. शेजारच्या दोन गावांची मंडई एकाच दिवशी येऊ नये, म्हणून प्रत्येक गावाचा दिवस परंपरेने ठरलेला असतो. दुकाने लागतात, ऊस आणि शिंगाडे विकायला येतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात. लग्नाच्या बोलण्यांनाही येथेच आरंभ होतो. मंडईच्या रात्री गावात काहीतरी ‘लागलेच’ पाहिजे, हा अलिखित नियम.

७/ पूर्वी हे ‘काहीतरी’ म्हणजे दंडार आणि खडी गंमत. दंडारीत गावचीच मंडळी नाचत, गात आणि सोंगे आणीत. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. खडी गंमत हे विदर्भातील तमाशाचे भावंड. त्यात शाहीर उभ्यानेच कला सादर करतो, डफ-ढोलकी साथीला असते आणि दोन शाहिरांचा सवाल-जवाब रंगतो. या दोन कलांनीच इथल्या प्रेक्षकाला रात्रभर जागण्याची आणि गाण्यातून कथा ऐकण्याची सवय लावली.

८/ विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगमंचावर आले. पश्चिम महाराष्ट्रातील या संगीत नाटकाचा वारा पूर्व विदर्भापर्यंत पोहोचला आणि दंडारीच्या मातीत रुजला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यानंतर पुण्या-मुंबईकडील संगीत नाटक मंडळ्या एकेक करून मंदावल्या. झाडीपट्टीतील नाटकाने मात्र गाणे सोडले नाही. आजही तिथे वादक रंगमंचाजवळ बसून प्रत्यक्ष साथ करतात. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला आणि तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला, एवढाच फरक.

९/ इथले नाट्यगृहही पिकाच्या चक्राशी बांधलेले आहे. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या जागेत जमीन उतरती खोदतात, म्हणजे मागच्या प्रेक्षकालाही रंगमंच दिसतो. निघालेल्या मातीचा उपयोग रंगमंच उंच करण्यासाठी होतो. भोवती कनात लावतात. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवरची बैठक, आणि थंडीसाठी घरून आणलेले ब्लँकेट. पूर्वी प्रेक्षक बंड्या आणि दमण्या जुंपून येत, आता दुचाकींवर आणि ट्रॅक्टरवर येतात. पावसाळा आला की त्या जागेचे नाट्यगृहपण संपते.

१०/ नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाट होईपर्यंत चालते. कौटुंबिक कलह, व्यसन, हुंडा, कर्जात बुडालेला शेतकरी, भावाबहिणीची ताटातूट हे नेहमीचे विषय. मध्ये विनोदी प्रवेश, गाणी आणि नृत्ये येतात. एका हंगामात अनेक गावे आणि अनेक संवाद सांभाळायचे असल्याने प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा आधारस्तंभ असतो. तालमींना वेळ कमी मिळतो. कलावंत प्रॉम्प्टरचा शब्द झेलतो आणि त्यात स्वतःचे रंग भरतो.

११/ या साऱ्याचे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, अर्थात देसाईगंज. रेल्वेमार्गावरचे आणि वैनगंगेच्या काठचे हे गाव ‘नाट्यपंढरी’ म्हणून ओळखले जाते. नावाच्या शेवटी ‘रंगभूमी’ किंवा ‘थिएटर्स’ असलेल्या कित्येक नाट्यकंपन्यांची कार्यालये इथे आहेत. हंगाम जवळ आला की त्यांच्या दारांवर नव्या नाटकांची रंगीत पोस्टरे लागतात आणि गावोगावची मंडळे तारखा घेण्यासाठी येतात. कोणती कंपनी यंदा काय आणणार, कोणता खलनायक कुठे गेला, कोणता विनोदी नट कोणाकडे आला, याची चर्चा इथूनच चारही जिल्ह्यांत पसरते.

१२/ व्यवहार असा. गावातील मंडळ कंपनीला विसार देऊन तारीख पक्की करते. नाटकाची रक्कम ठरलेली असते. मंडप, तिकीटविक्री आणि जाहिरात मंडळाकडे. प्रेक्षक आले तर नफा मंडळाचा, आणि तो बहुधा गावाच्या एखाद्या सार्वजनिक कामाला लागतो. न आले तर तोटाही मंडळाचाच. शासकीय अनुदानावर न चालणाऱ्या या रंगभूमीत धोका प्रथम गाव पत्करते. ‘यंदा लोक येतील’ हा भरवसा हेच त्यामागचे भांडवल, आणि तो भरवसा लोकांच्या प्रतीक्षेतून येतो.

१३/ पण दरवर्षी नवेच नाटक का? याचे उत्तर पाहुण्यांत आहे. मुंबई-पुण्यात नाटक तेच राहते आणि प्रेक्षक बदलतो. ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली आले आणि प्रभाकर पणशीकरांनी त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग केले, कारण प्रत्येक प्रयोगाला नवा प्रेक्षक मिळत होता. झाडीपट्टीत उलटे घडते. मंडईला मामाच्या गावी गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात बहिणीच्या गावी जातो आणि मग स्वतःच्या गावी पाहुण्यांना बोलावतो. इथे प्रेक्षक तोच राहतो, म्हणून नाटक बदलावे लागते.

१४/ याचा पुरावा एका कलावंताच्या कारकिर्दीत सापडतो. गडचिरोली जिल्ह्यातील विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुमारे ५००० प्रयोगांत ८०० भूमिका केल्याची नोंद त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाली. भागाकार केला तर एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा-सात प्रयोग येतात. महानगरातील नट एका भूमिकेत वर्षानुवर्षे मुरतो. झाडीपट्टीचा नट मात्र भूमिका पाठ होते न होते तोच दुसऱ्या भूमिकेला सामोरा जातो. प्रेक्षकाच्या नवेपणाच्या ओढीची किंमत कलावंत अशी मोजतो.

१५/ तरीही ही ओढ निव्वळ नव्याची नाही. रॉक बँडच्या चाहत्याला नवी गाणी हवी असतात, पण आवाज जुनाच हवा असतो. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाचेही तसेच आहे. कथानक नवे हवे, परंतु ओळखीचा विनोदी नट पहिल्या वाक्याला हशा घेणारा हवा, खलनायकाने प्रवेश करताच शिव्याशाप ओढवून घ्यायला हवेत, आणि पहाटेच्या सुमारास डोळे ओले करणारे गाणे हवे. नवे आणि ओळखीचे यांचा हा तोल ज्या कंपन्यांना साधला, त्याच ‘जुन्या कंपन्या’ झाल्या.

१६/ या परंपरेला पहिला मोठा धक्का नाट्यक्षेत्राबाहेरून बसला. हिवाळ्यात गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरत. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न खराच होता. परंतु पटाबरोबर पाहुण्यांना बोलावण्याचे निमित्तही गेले आणि नाटकाच्या तारखांवर त्याचा परिणाम झाला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षे अनेक गावांनी मंडई आणि जत्रा या इतर निमित्तांवर नाटक जगवले.

१७/ दुसरा धक्का अधिक खोल होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या दिवाळीनंतरचा हंगाम मोडला. अल्बम लांबला तरी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. झाडीपट्टीचे नाटक मात्र त्या रात्रीपुरतेच असते, ते कपाटात उरत नाही. हंगाम गेला की नट, वादक, प्रॉम्प्टर, रंगभूषाकार आणि गाडीचा चालक या सर्वांचे वर्षाचे उत्पन्न जाते. यांपैकी बहुतेकांचे पावसाळ्यातील काम शेतीचे किंवा मजुरीचे.

१८/ तो हंगाम बुडाल्यावर ही रंगभूमी संपेल, अशी भीती होती. निर्बंध उठल्यावर मंडळे पुन्हा विसार घेऊन वडशाला पोहोचली. त्यांच्याकडे कसलीही हमी नव्हती. वर्ष चुकलेला प्रेक्षक पुढच्या वर्षी येतो, एवढा पिढ्यांचा अनुभव होता. कंपन्यांचे पडदे आणि दिवे विकत मिळतात, परंतु तारखेची वाट पाहणारे गाव विकत मिळत नाही. ते घडायला अनेक दशके लागतात.

१९/ आज धोका वेगळा आहे. मोबाइलच्या पडद्यावर रोज काहीतरी नवे येते आणि त्यासाठी धान कापून होण्याची वाट पाहावी लागत नाही. तरुण मुले कामासाठी नागपूर, पुणे आणि हैदराबादकडे जातात. मंडईसाठी ती परत येतात की नाही, यावर पुढच्या हंगामांचे भवितव्य ठरेल. रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाटककार आणि नट यांची नावे नोंदवली जातात. झाडीपट्टीच्या इतिहासात प्रेक्षकाच्या परत येण्याचीही नोंद करावी लागते.

२०/ म्हणून भाऊबीजेनंतरच्या एखाद्या रात्री पूर्व विदर्भातून प्रवास करताना शेताच्या कडेला कनातीआडून दिव्यांचा झोत दिसला आणि ऑर्गनचे सूर कानी आले, तर थांबावे. नाटक कोणते, हे तिकीट काढताना कळेलच. पण शेजारी ब्लँकेट पांघरून बसलेल्या आजोबांना ही कंपनी केव्हापासून पाहता, एवढे अवश्य विचारावे. या रंगभूमीचा बराचसा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही, तो अशाच उत्तरांत आहे.