कानांवाटे आलेला विनोद : आकाशवाणीपासून पॉडकास्टपर्यंत

मराठी विनोदाचा इतिहास सांगताना आपले अभ्यासक बहुधा ग्रंथांपासून प्रारंभ करतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे अशी ती परंपरा मांडली जाते, आणि ती यथार्थच आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने पाहिल्यास विनोदाचा आणखी एक इतिहास लिहिणे आवश्यक ठरते. तो म्हणजे ऐकलेल्या विनोदाचा. आपल्या मुलांनी देवनागरी गिरवली ती शाळेतील हिंदीसाठी. नातवंडांना तर मराठी पुस्तकाचे एक पृष्ठ सलग वाचणेही जड जाते. असे असूनही घरात एखादी मराठी कोटी झाली की तीच नातवंडे नेमक्या जागी हसतात. हे हसू त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

भाषेच्या परीक्षेत विनोद हा सर्वांत कठीण प्रश्न असतो. बातमीचे भाषांतर करता येते, स्तोत्र अर्थ न कळताही पाठ म्हणता येते. कोटी मात्र ऐकताक्षणीच कळावी लागते. ती समजावून सांगण्याची वेळ आली की हसण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच परप्रांतात एखादी भाषा घरात कितपत जिवंत आहे हे पाहायचे असेल, तर त्या घरातील मुले त्या भाषेत हसतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

तीन मराठींची एक वस्ती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ ही त्याची राजधानी झाली. त्यापूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नव्या राज्याच्या वाट्याला आलेले कर्मचारी आपले बिऱ्हाड घेऊन भोपाळला आले. तिकडे मध्यभारताची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर होती. तेथील सचिवालयांतूनही अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते अवजड विद्युत उपकरणांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. आज आपण ज्याला भेल म्हणतो, त्या कारखान्याच्या परिसरात पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती वाढल्या आणि कालांतराने त्यांच्या कडेला आपली अवधपुरीही वसली.

शासकीय नस्त्यांमध्ये या स्थलांतराची नोंद सेवाविभाजन आणि ज्येष्ठता-सूची या स्वरूपात आढळते. भाषेत काय घडले याची नोंद कोणत्याही नस्तीत नाही. नागपूरकर ‘काय करून राहिला?’ असे विचारीत, ग्वाल्हेरकरांच्या बोलण्यात दरबारी अदब होती, आणि इंदूरकर पंखा ‘लावीत’ नसत, ‘चालवीत’ असत. शेजारी-शेजारी राहू लागलेल्या या मंडळींनी प्रथम एकमेकांच्या मराठीची थट्टा केली. भोपाळच्या मराठी विनोदाचा आरंभ या थट्टेतच झाला असे म्हणावयास हरकत नाही.

आकाशवाणीचे दिवस

इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये आणि भोपाळचे १९५६ मध्ये सुरू झाले. मात्र या दोन्ही केंद्रांचा मुख्य व्यवहार हिंदीत आणि प्रादेशिक बोलींत चाले. इंदूर केंद्रावरील माळवी बोलीतले नंदाजी-भेराजी खेड्यापाड्यांत घरोघरी परिचित होते. मराठी ऐकण्यासाठी मात्र दूरच्या केंद्रांचा आधार घ्यावा लागे. नागपूर केंद्र १९४८ पासून कार्यरत होते. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा मर्यादित अंतरापर्यंतच पोहोचते. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांतील बदलांमुळे त्याच लहरी परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. त्यामुळे दूरच्या केंद्रावरील मराठी भोपाळमध्ये येई ती प्रायः रात्री, आणि तीही खरखरीच्या संगतीने.

मराठी नभोवाणीने त्या काळात विनोदाची फार मोठी सेवा केली. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीच्या सेवेत आले. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर रुजू झाले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने गीतरामायणाची ५६ गीते दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित केली आणि पुढील भागाची वाट पाहण्याची सवय मराठी श्रोत्यांना लावली. तीच सवय मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकांनी विनोदाकडे वळवली. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही तीन माणसे श्रोत्यांनी पाहिली नव्हती. तरीही ती त्यांना शेजाऱ्यांइतकी ओळखीची होती. घरातल्या साध्या गोष्टीवर गप्पा, थोडी थट्टा, थोडी कानउघाडणी, एवढेच त्या श्रुतिकांचे भांडवल होते.

लोकप्रिय करमणुकीच्या इतिहासात एका मराठी मंत्र्याचे नाव घेणे येथे क्रमप्राप्त आहे. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. परंतु त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या अखेरीस तेथे सुरू झालेली अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी शासनाला विविध भारती सुरू करावी लागली. तिच्यावरील ‘हवामहल’ने पुढे अनेक पिढ्यांना छोट्या विनोदी नाटिकांची गोडी लावली. अभिरुची वरून आज्ञा करून घडवता येत नाही, हा या प्रकरणाचा बोध आजच्या ज्येष्ठांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रंगमंच, ध्वनिफीत आणि सूरमा भोपाली

१९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ पु. लं.नी एकट्याने रंगमंचावर उभी केली. सर्व पात्रे एकाच कंठातून बोलत होती. पुढे द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी नेले. व. पु. काळे यांनी त्याच कलेला शहरी मध्यमवर्गाचे रूप दिले. कथा वाचण्यापेक्षा ती लेखकाच्या तोंडून ऐकण्याकडे ओढा वाढला, आणि वाचनाचा सराव सुटत चाललेल्या परप्रांतीय मराठी माणसाला हे फार सोयीचे झाले.

त्यानंतर ध्वनिफीत आली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही छोटी फीत १९८० च्या दशकात भारतातील सामान्य घरांत पोहोचली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने पु. लं.चे कथाकथन फितींवर आणले. पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर एखादी फीतही आणू लागला. ती घरोघरी फिरे, तिच्या प्रती निघत, प्रतींच्या प्रती निघत, आणि शेवटी आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’ किंवा ‘सखाराम गटणे’ आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांना मुखोद्गत आहेत. त्यांतील अनेकांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे पुस्तक उघडलेलेही नाही. रत्नागिरी न पाहिलेल्या मुलाला अंतूशेटांचा तिरकसपणा भोपाळमध्ये बसून कळतो, हे त्या फितींचे कर्तृत्व आहे.

या मुलांचा दुसरा कान मात्र हिंदीकडे लागलेला होता, आणि तेही स्वाभाविक होते. १९७५ च्या ‘शोले’मध्ये दतिया येथे जन्मलेल्या जगदीप यांनी सूरमा भोपाली रंगवला आणि भोपाळी बोलीला देशभर ओळख मिळाली. त्या चित्रपटाच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने काढल्या. गाण्यांऐवजी संवाद ऐकण्यासाठी लोक मुद्रिका विकत घेतात, हे त्या काळी नवलच होते. भोपाळमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले शरद जोशी तर कविसंमेलनाच्या मंचावर गद्य व्यंग वाचून श्रोत्यांना खिळवून ठेवीत. अंतू बर्वा आणि सूरमा भोपाली या दोघांच्या बोलण्यावर सारख्याच सहजतेने हसणारी ही पिढी पुणेकराला थोडी परकी वाटली, तरी तिची श्रीमंती तिला स्वतःला ठाऊक होती.

पॉडकास्टचा उदय

ॲपल कंपनीचे ‘आयपॉड’ हे खिशात मावणारे यंत्र २००१ मध्ये आले. त्याचे नाव आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रक्षेपण, या दोहोंच्या मिश्रणातून फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ या इंग्रजी दैनिकात बेन हॅमर्सली यांनी ‘पॉडकास्ट’ हा शब्द प्रथम योजला. कल्पना साधी आहे. कार्यक्रम ठरावीक वेळी आकाशात सोडला जात नाही. तो साठवलेला असतो, नवा भाग तयार झाला की श्रोत्याच्या यंत्राला आपोआप कळते, आणि तो हवा तेव्हा ऐकता येतो. या माध्यमाला पहिली मोठी लोकप्रियता विनोदानेच मिळवून दिली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या रिकी जर्वेस यांच्या इंग्रजी कार्यक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. अमेरिकेतील विनोदकार मार्क मॅरन यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आणि बराच काळ घराच्या गॅरेजमध्येच ध्वनिमुद्रित होणाऱ्या गप्पांमध्ये २०१५ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा पाहुणे म्हणून आले.

भारतात हे माध्यम सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले ते २०१६ नंतर, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर. त्याच वर्षी ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ने मराठी तरुणांच्या घरगुती विनोदाला नवे व्यासपीठ दिले. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आले आणि मराठी पुस्तके मोठ्या संख्येने श्राव्य रूपात मिळू लागली. आज ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ अशा कार्यक्रमांतून नाटक-चित्रपट, खाणेपिणे, नातेसंबंध, जुन्या आठवणी अशा विषयांवर तास-तासभर गप्पा रंगतात. बऱ्याच गप्पांचे आता चित्रीकरणही होते. तरी अनेकजण त्या ऐकतात मात्र स्वयंपाक करताना वा प्रवासात.

आपल्या पिढीला या गप्पा कित्येकदा पाल्हाळिक वाटतात, भाषा इंग्रजीमिश्रित वाटते, आणि काही थट्टा मर्यादा ओलांडणारी वाटते. हे आक्षेप निराधार नाहीत. नभोवाणीच्या श्रुतिकेला पंधरा-वीस मिनिटांची चौकट असे आणि त्या चौकटीमुळे लेखणीला शिस्त लागे. शिवाय पूर्वी एका रेडिओभोवती सारे घर बसे. नातू हसला की आजीला कळे, आणि आजी का हसली हे नातू विचारी. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंडे असतात. तरीही ‘प्रपंच’च्या तीन पात्रांनी जे केले त्याच जातीचे काम ही मंडळी करीत आहेत, हे मान्य करावयास हवे. बंगळूर वा अमेरिकेत नोकरी करणारी आपली नातवंडे आज मराठी ऐकतात ती बहुशः याच मार्गाने. डॉ. केसकरांची चूक पुन्हा करून त्यांना सिलोनकडे पाठवण्यात शहाणपण नाही.

आपला आवाज कोठे आहे?

या दीर्घ इतिहासात एक उणीव मात्र ठळकपणे जाणवते. पुणे, मुंबई, कोकण, वऱ्हाड यांचे आवाज मुद्रिकांवर, फितींवर आणि आता पॉडकास्टवर आहेत. भोपाळच्या मराठीचा आवाज जवळजवळ कोठेही नाही. नागपुरी, ग्वाल्हेरी आणि इंदुरी यांच्या मिश्रणातून, हिंदी-उर्दूच्या शेजारात जी बोली येथे तयार झाली, तिच्यातील कोट्या, टोपणनावे, कार्यालयातील किस्से आणि सासू-सुनांचे टोमणे बोलले गेले आणि विरून गेले. १९५६ मध्ये वीस-पंचवीस वर्षांचे असलेले कर्मचारी आज हयात असतील तर नव्वदीच्या घरात आहेत. त्या वेळी आईचे बोट धरून आलेली मुलेही सत्तरी ओलांडून गेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मध्यप्रदेशात सुमारे बारा लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. जनगणनेत डोकी मोजली जातात. ती माणसे कशी बोलत आणि कशावर हसत, हे तिच्यातून कळत नाही.

एके काळी ध्वनिमुद्रण हे खर्चाचे काम होते. आकाशवाणीसारख्या संस्थेतही फीत महाग म्हणून जुना कार्यक्रम पुसून तीवर नवा घेतला जाई, आणि त्यात कितीतरी मौल्यवान आवाज गेले. आज ती अडचण उरलेली नाही. साधा मोबाइल, बंद खोली आणि तासभर वेळ एवढी सामग्री पुरेशी आहे. आपल्या मंडळाने प्रत्येक त्रैमासिकाबरोबर एका ज्येष्ठाच्या गप्पा ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते. प्रश्न नातवंडांनी विचारावेत. उत्तरे जशी येतील तशी, पुणेरी न करता, राहू द्यावीत. पंखा चालवला असेल तर चालूच राहू द्यावा. तारीख, बोलणाऱ्याचे मूळ गाव आणि भोपाळला आल्याचे वर्ष यांची नोंद करून प्रती दोन ठिकाणी जतन कराव्यात, आणि बोलणाऱ्याच्या संमतीने त्या सर्वांना ऐकावयास उपलब्ध करून द्याव्यात.

ज्या घरांत ऐंशी वर्षांवरील आजी-आजोबा आहेत, त्या घरांपासून हे काम सुरू व्हावे. पुढील अंकाची वाट न पाहता, येत्या रविवारीच दुपारच्या चहानंतर तासभर वेळ काढता आला तर अधिक उत्तम.