खापरची भाषा, केडगावचं स्टेशन

खापरच्या बाजारातूनच निघू. तो गलका कानात तसाच राहू द्या. भिलीत भाव विचारायचा, गुजरातीत घासाघीस करायची, अहिराणीत टोमणा मारायचा आणि मराठीत हिशेब चुकता करायचा. गुजरातच्या हद्दीला लागून राहणाऱ्या तुम्हाला यात काही विशेष वाटत नाही. आज मात्र या बोली फार कामाला येणार आहेत. एक अट तेवढी पाळा: जिथे जायचंय तिथे बायकांचं राज्य आहे, तेव्हा पुरुष वाचकांनीही या फेरीपुरतं बाई व्हावं.

मिटा डोळे. साल १९००. उघडा!

अंगावर उन्हाची झळ येते. पुणे-सोलापूर मार्गावरचं केडगाव. समोर इंजिन फुसफुसतंय, कोळशाची भुकटी दातांत करकरतेय. डब्यातून मुली उतरतात, खरं तर उतरवून घ्याव्या लागतात. एकीला तुम्ही काखेत हात घालून उचलता आणि दचकता, कारण वजनच लागत नाही. बरगड्या बोटांना टोचतात. केसांत जटा, ओठांच्या कोपऱ्यात फोड, पायांना खरजेची चिकट पट्टी. नाकाला पदर लावावासा वाटतो ना? लावू नका. ती तुमच्याकडेच बघतेय.

गुजरातेत छप्पनियाचा दुष्काळ पडलाय. तुमच्या खानदेशालाही त्यानं सोडलेलं नाही. पंडिता रमाबाईंची माणसं गावोगाव फिरून या मुली गोळा करून आणताहेत. तीन-चार वर्षांपूर्वी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः जाऊन तिथल्या मुली घेऊन आल्या होत्या. केडगावच्या त्यांच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यातूनच.

आता आवारात शिरा. केवढी माणसं! दोन हजारांच्या आसपास बायका-मुली. पक्क्या इमारती पुरेनात म्हणून तात्पुरते मांडव घातलेत. एकीकडे चुलींचा धूर, एकीकडे फिनेलचा वास, मधूनच तेलाच्या घाण्याची कुरकुर. हाकाही किती तऱ्हांच्या! कुणी मराठीत ओरडतंय, कुणी हिंदीत, कुणी गुजरातीत. कोपऱ्यात एक पोर गुजरातीत काहीतरी सारखं मागतेय आणि वाढणारीला काही कळत नाहीये.

तुम्हाला कळतं. तिला भाकरी हवीय. भाकरी मिळणार नाही, आज फक्त पेज. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटात भाकरी गेली तर ते पोटच तिचा जीव घेईल. हे तिला तिच्या बोलीत समजावून सांगणं आता तुमच्याकडे. मांडी घालून बसा. वाटी तिच्या ओठांना लावा. ती एक घोट घेते आणि वाटी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढते. तिच्या पदराला गाठ आहे, त्यात मूठभर कच्चे दाणे. गाठीला हात लावलात तर चावेल. राहू द्या ते दाणे तिच्यापाशी. सकाळपर्यंत तिला पटलेलं असेल की इथे उद्याही चूल पेटते.

शेजारी मळमळणाऱ्या मुलीची पाठ चोळत बसलेली पोरगी पाहिलीत? मध्य प्रांतातून अशीच हाडांचा सापळा होऊन आलेल्यांपैकी ती एक. आज तिच्याकडे नव्या मुलींचा एक घोळका सोपवलाय: न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, मलम लावायचं, रात्री कुणी रडत उठली तर जवळ घ्यायचं. मला विचाराल तर मुक्तीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. काल जिला वाचवलं, ती आज वाचवणारी झाली, आणि जात, मुलूख, बोली विचारायला कुणाला उसंतच मिळाली नाही.

पांढऱ्या लुगड्यातल्या, आखूड केसांच्या रमाबाई समोरून येताहेत. बोलायचं तर जरा मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू कमी येतं. या मुलींची भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नाही. आई-वडील आणि बहीण त्यांनी स्वतः दुष्काळातच गमावली. त्यानंतर भावाबरोबर देशभर पायपीट केली, आणि पुढे एका बंगाली गृहस्थाशी लग्न केलं. इतक्या मुलखांची माणसं एका छताखाली आणण्याचं धाडस त्यांच्यात कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

पैसा कुठून येतो म्हणता? बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झालीय, तिचा आधार आहे. बाकी मनीऑर्डरी, दूरदूरच्या चर्चमधल्या माणसांची छोटी छोटी वर्गणी. मदतीला हात मात्र निरनिराळ्या पंथांचे. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाई इथे राबताहेत. चर्चच्या इमारतीचा पाया गेल्याच वर्षी घातलाय. छिन्नीचा टणटणाट ऐकू येतोय ना, तो तिथलाच. तोवर प्रार्थना मांडवात, जमिनीवर बसून, मांडीला मांडी लावून. गाणं सुरू झालं की शब्द येणाऱ्या गातात, न येणाऱ्या टाळ्या वाजवतात. घाम, खोबरेल, मलम, कोवळ्या बाळाचं ओलं दुपटं, सगळ्यांचा मिळून एकच उबट दर्प.

काम तर प्रत्येकीला आहेच. कुणी मागावर, कुणी गोठ्यात, कुणी मळ्यात, कुणी विहिरीवर. आंधळ्या मुलीही या घरात आहेत, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा पुढे त्यांना ब्रेल शिकवणार आहे. पुढे इथेच छापखाना निघेल, आणि बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच मुलींच्या हातून छापलं जाईल. तुम्हाला ते बघायला थांबता येणार नाही, कारण तुमचं नाव आत्ताच पुकारलं गेलंय.

उद्या पहाटे गुजरातेतून आणखी मुली येताहेत. गुजराती समजणाऱ्या बायका हव्यात, आणि डोंगराकडची कुणी असली तर भिली समजणारीही. पाण्याची घागर, पेजेचं भांडं आणि स्वच्छ लुगड्यांचं गाठोडं रात्रीच बांधून ठेवा. गाडी वेळेवर येतेच असं नाही, पण तुम्ही फलाटावर आधी हजर असायला हवं. पहिली मुलगी डब्याच्या दारात येईल तेव्हा तिला समजेल अशा बोलीत हाक मारायला तिथे तुम्हीच असाल.