कापडावरचा मोर : हातापासून यंत्रापर्यंत

नांदेडच्या किंवा लातूरच्या कापडबाजारात आज एखाद्या साडीचा पदर उलगडला, की निळा-हिरवा मोर, पोपटांची जोडी, क्वचित हत्ती किंवा हरीणही रंगीत धाग्यांत भरलेले दिसते. हे काम बहुधा हाताचे नसते, यंत्राचे असते. हे यंत्र आले कोठून आणि त्याने हातांचे काय केले, याचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल शिवणयंत्राच्या आधारावर पेटते.

वस्त्रावर सजीवांच्या आकृती उमटवण्याची हौस फार जुनी आहे. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या पडद्यांवर पंखधारी करूब काढल्याचे वर्णन आहे, आणि रंगीत सुतांचे कशिदाकाम जाणणाऱ्या अहलियाबाचे नावही तेथे आदराने नोंदले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने गुजरातेतील कातडी बैठकींवर सोन्यारुप्याच्या तारांनी भरलेले पशुपक्षी वर्णिले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी बंगालच्या कारागिरांनी टसर रेशमाने मोठमोठ्या रजया भरल्या. शिकारीची दृश्ये, शलमोनाचा न्यायनिवाडा आणि स्वतःच्या रक्ताने पिलांना पोसणारा पेलिकन पक्षी, हे सारे त्यांवर एकत्र नांदते. पेलिकन हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक. ते बंगाली बोटांनी साकारले, ही गोष्ट आपण विसरू नये.

मराठवाड्याकडे पाहिले तर दोन परंपरा दिसतात. नांदेडची गोदावरी वरच्या अंगाला पैठणहून येते. तेथील पैठणीवरचा मोर भरलेला नसतो, विणलेला असतो. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी हाताने फिरवून तो घडतो आणि पदराच्या दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. दुसरी परंपरा किनवट-माहूर, कंधार, मुखेड, अहमदपूर या भागांतील बंजारा तांड्यांची. तेथील फेटिया-कांचळीवर आरसे, कवड्या आणि दाट टाके असतात. पण आकृती मुख्यतः भौमितिक. सरळ टाक्यांना चौकोन नि त्रिकोण सहज साधतात, मोराच्या मानेचे वळण तितक्या सहज साधत नाही.

हे वळण यंत्राला शिकवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२८ साली फ्रान्समधील म्युलूझ येथे जोशुए हाइलमान याने केला. त्याच्या यंत्रात दोन्हीकडे टोके आणि मध्यभागी नेढे असलेल्या सुयांची रांग असे. कारागीर मोठ्या आकारातील चित्राच्या रेषेवरून एक दांडा फिरवी आणि ताणलेले कापड त्याबरहुकूम सरके. म्हणजे चित्र काढणारा माणूसच होता. फक्त त्याच्या एका हालचालीत कित्येक फुले, कित्येक पक्षी एकदम उमटू लागले. या यंत्राला स्वित्झर्लंडमध्ये, संत गालच्या मठाभोवती वाढलेल्या सांक्त गालन शहराच्या परिसरात, खरे घर मिळाले. पण सुयांत धागा पुन्हापुन्हा ओवावा लागे. ते काम घरोघरी बायकामुले करीत. शाळेतून आलेली मुले रात्री उशिरापर्यंत सुया ओवत बसत. त्या नाजूक लेसमागे कोवळ्या डोळ्यांचा शीण होता.

१८६३ साली इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राच्या धर्तीवर अखंड धाग्याचे यंत्र काढले. होडीच्या आकाराच्या धोट्यावरून त्याला ‘शिफ्ली’, म्हणजे होडकुले, असे नाव पडले. उद्योग इतका फोफावला की १९१० च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची एक प्रमुख निर्यात होती. मग पहिले महायुद्ध आले, फॅशन पालटली, मागणी आटली आणि शेकडो यंत्रे मोडीत काढावी लागली. एकाच यंत्रावर विसंबलेली कुटुंबे उघडी पडली.

घरगुती शिवणयंत्राची कथा मात्र निराळी आहे. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, कारण त्याच्या मुळाशी पत्नीचे कष्ट हलके करण्याची माया होती, असे ते म्हणत. याच यंत्राचा दाबपाय काढून, दाते खाली करून, रिंगेत ताणलेले कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवले की मशीनवरचे भरतकाम होते. ठिकठिकाणी धर्मभगिनींच्या शिवणवर्गांत मुली हेच शिकत आल्या. येथे यंत्र टाका घालते, पण रेषा हाताचीच असते.

१९६४ साली जपानच्या ताजिमा कंपनीने अनेक डोक्यांचे स्वयंचलित यंत्र बाजारात आणले. पुढे त्याला संगणक जोडला गेला. आता चित्र आधी पडद्यावर टाक्यांत रूपांतरित करतात. पिसाचा टाका कोणत्या दिशेने जावा, मानेवर निळ्यावर हिरवा कसा चढावा, दाटी किती असावी, हे तेथेच ठरते. मिनिटाला ८०० टाके घालणारे यंत्र ४०,००० टाक्यांचा मोर ५० मिनिटांत पुरा करते. एकाच वेळी बारा डोकी चालली तर बारा मोर. टाक्यांची दिशा चुकली, तर मात्र बाराही मोर निर्जीव दिसतात.

या इतिहासाचा बोध आम्हांस स्पष्ट दिसतो. यंत्राने प्रत्येक टप्प्यावर बोटांचे काम घेतले, डोळ्यांचे घेतले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ या परिपत्रकात बजावले, की तंत्र हे माणसाचे सहायक आहे, पण ते माणसाची जागा घेऊन त्याचे वैरीही होऊ शकते. आपल्या मुली केवळ बटण दाबावयास शिकल्या, तर परक्या गावच्या चित्रकाराचा मोर त्या भरत राहतील आणि मागणी पालटताच रिकाम्या बसतील. बीड जिल्ह्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात आणि पैनगंगेच्या रानात जिवंत नमुने आहेत. तांड्यांवर रंगसंगतीची जाण आहे. म्हणून शिवणवर्गात कात्री आणि टेप यांच्या शेजारी चित्रवहीही असावी, आणि मुलींना पक्षी पाहून काढावयास शिकवावे. पुढे तो हाताने भरावा की यंत्राने, हे त्यांचे त्या ठरवतील.