पणजीनं उतरवलेले गोट

आमच्या घरात एक पुरचुंडी आहे. तिच्यात कथलाचे दोन गोट. वजनाला जड, मोलानं कवडीचे. पणजीनं ते आजीला दिले, आजीनं आयला, आयनं मला. चौघींपैकी हातात घातले फक्त पणजीनं. बाकीच्यांनी नुसते जपले.

लहान असताना मी ते मनगटात सरकवले, तर आयनं दंड धरला. "काढ. घालायला नाय ठेवलेत."

"मग कशाला ठेवलेत?"

"तिनं काढले म्हणून ठेवलेत."

याचा अर्थ पुढं चळवळीत आल्यावर उमगला.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळाली. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते किती जणांना ठाऊक? लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायचं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाचे गोट-पाटल्या, ही तुमची जात दुरून ओळखायची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, पोरींना शिकवा, हेही सांगितलं. बायांनी ठराव करत बसल्या नाहीत. तिथंच लुगडं नेसायची रीत बदलली. आमची पणजी त्यांच्यात होती. गोट उतरवून पदराला बांधून ती गावी परतली.

कुणी म्हणेल, दागिन्यात काय एवढं? त्यानं इंदूरकडे बघावं. महाडानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९२८ मध्ये, तिथली बातमी छापून आली. इंदूर जिल्ह्यातल्या सवर्णांनी बलाई लोकांवर नियम लादले. बलाई बाईनं सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पुरुषानं जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. सवर्णांच्या बाळंतपणाला बलाई बायांनी जायचं, मोबदला देतील तो घ्यायचा. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद, गुरांची चराई बंद. शेकडो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून परागंदा झाली. बाबासाहेबांनी हा दाखला १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात दिलाय.

म्हंजे बघा. एकीकडे बाईनं चांदी घालू नये म्हणून गाव पेटतं, दुसरीकडे बाई स्वतःहून कथील उतरवते. दोन्हीकडे प्रश्न एकच : बाईच्या अंगावर काय असावं, हे ठरवायचं कुणी?

एक कार्यकर्ता भाऊ मला म्हणाला, "ताई, गुलामीची खूण जपता कशाला? नदीत फेका." मी त्याला म्हटलं, भावा, बेडी हातात असते तोवर गुलामी. तोडून ठेवली की ती साक्ष. फेकली तर उद्या कोण सांगणार की माझ्या अडाणी पणजीनं ती स्वतःच्या हातानं काढली?

आपल्या इतिहासात परिषदांचे अध्यक्ष सापडतात, बाया सापडत नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, तेव्हा १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. ज्या तोवर वारल्या, त्यांचं सांगणं त्यांच्यासोबत गेलं.

म्हणून दोस्तांनो, जयंतीची पावती फाडायला घरोघर जाता, तेव्हा आत चुलीजवळ बसलेल्या आजीला विचारा : तू काय टाकलंस? कधी टाकलंस? त्या वक्ताला कोण काय बोललं? वहीत लिहून घ्या.

माझी पोरगी आता आठवीत आहे. पुरचुंडी तिला द्यायची आहे. सोबत हा कागदही देईन.

जय भीम.