क्लोंडाइक : सोन्याची नदी आणि गाण्यांचा बॅकअप

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आपण काय उघडायचो? सॉलिटेअर! त्या पत्त्यांच्या डावाचं खरं नाव क्लोंडाइक. आणि क्लोंडाइक ही एक नदी आहे, हे मला कळलं बीटेक झाल्यावर. आजचा एपिसोड तिच्यावर.

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथल्या ओगिल्व्ही डोंगरांत ही नदी उगम पावते आणि साधारण 160 किलोमीटर वाहून डॉसनपाशी युकॉन नदीला मिळते. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाखाली गाडला गेला होता. हा पट्टा मात्र वाचला. हिमनद्या आल्या असत्या तर त्यांनी खडीसकट सोनं खरवडून नेलं असतं. इथे खडकांतून सुटलेलं सोनं ओढ्यांच्या तळाशी साठत राहिलं. कारण साधं आहे. सोनं पाण्याच्या 19 पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. पाणी वाळू पुढे नेतं, सोनं खाली बसतं. लाखो वर्षं चाललेलं फिल्टरिंगच म्हणा ना!

16 ऑगस्ट 1896. रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यावर चौघं होते : कीश ऊर्फ स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली, बहीण केट आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कार्मॅक. सोनं आधी कुणाला दिसलं यावर आजही वाद आहे. शोधाचा दावा मात्र नोंदवला गेला कार्मॅकच्या नावावर.

जुलै 1897 मध्ये सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली आणि लोक अक्षरशः वेडे झाले. सुमारे 1 लाख माणसं निघाली, पोचली 30 ते 40 हजार. वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस आत सोडत नव्हते. शिधा आणि सामान मिळून जवळपास टनभर ओझं! चिलकूट खिंडीच्या बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून ते पाठीवर वाहायचं, पुन्हा खाली यायचं, पुन्हा चढायचं. एवढं करून 1898 मध्ये पोचावं, तर चांगले ओढे आधीच कुणाच्या तरी नावावर! जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे आधी शेकोटी पेटवून ती वितळवायची, मग खणायचं. 1899 मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो लोक तिकडे पळाले. पुढे मोठ्या ड्रेजर यंत्रांनी 1966 पर्यंत खोरं उपसलं. त्यांनी मागे टाकलेले खडीचे ढिगारे आजही तिथेच आहेत.

ही झाली नेहमीची गोष्ट. आता मला खरं अडकवलं त्या भागाकडे येतो.

नदीचं मूळ नाव ट्रॉन्डेक. सामन मासे अडवायला नदीत खुंट ठोकायचे, ते ठोकायच्या दगडावरून पडलेलं. गोऱ्यांना ते उच्चारता येईना, म्हणून झालं क्लोंडाइक. संगमावर ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा मासेमारीचा तळ होता. गर्दीने तो गिळला. त्यांचे प्रमुख आयझॅक आपल्या लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला, साधारण 5 किलोमीटरवर मूसहाइडला गेले. या रेट्यात आपली गाणी टिकणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी ती गाणी आणि नाचाची काठी अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली.

मी रोज सर्व्हरचे बॅकअप घेतो, पण हा बॅकअप वाचून गप्प झालो. कारण तो रिस्टोअर झाला! अनेक दशकांनी नातलगांनी ती गाणी परत शिकवली. 1998 मध्ये या लोकांनी सरकारशी जमीन आणि स्वशासनाचा करार केला. 2023 मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला आणि त्या नावात ट्रॉन्डेक आधी आहे, क्लोंडाइक नंतर.

सोनं गेलं ते गेलंच. गाणी परत आली, कारण कुणीतरी वेळेवर ती दुसऱ्याच्या तोंडी दिली होती. तुमच्या घरात एकाच माणसाला येणारं एखादं गाणं असेल, तर आज त्यांच्यासमोर बसा. फोनवर रेकॉर्ड कराच, पण स्वतः शिकूनही घ्या.

भेटू पुढच्या भागात!