पटाशीची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, दप्तरें आणि नाणीं यांच्याकडेच आपली दृष्टि वळते. सुताराच्या पटाशीला साक्षीदार म्हणून उभें करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि येतें तेव्हां तिची साक्ष वाजवीपेक्षां अधिक विश्वासानें घेतली जाते. जुन्या पोलादाची धार कांहीं औरच, असें म्हणणारांस आमचा प्रश्न एवढाच कीं, ती धार जुनी कशावरून?

पटाशीचें पातें टिकतें. टोकाचा उतार टिकत नाहीं. दर खेपेस सहाणेवर घासतांना पातें थोडें झिजतें आणि घासणारा आपल्या हाताच्या सवयीप्रमाणें नवा कोन पाडतो. शंभर-दीडशें वर्षांच्या पटाशीस कोनमापक लावला तर जें उत्तर येतें, तें बहुधा तिच्या शेवटच्या मालकाविषयीं असतें. समुद्रतळाशीं तरी जुना कोन सुरक्षित राहावा कीं नाहीं? १५४५ सालीं बुडालेली इंग्रज युद्धनौका 'मेरी रोझ' १९८२ सालीं वर काढण्यांत आली. तिच्यावरील सुतारांच्या हत्यारांच्या लांकडी मुठी सांपडल्या. लोखंडी पातीं मात्र बहुतेक गंजून गेलेलीं होतीं.

म्हणून लेखी पुराव्याकडे वळावें लागतें. जोसेफ मॉक्सन यानें १६७८ सालापासून लंडन येथें कारागिरीवरील आपला ग्रंथ भागशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. रंध्याचें पातें व इतर धारेचीं हत्यारें घासण्याविषयीं लिहितांना तो मऊ लांकडासाठीं सुमारें १२ अंशांचा व कठीण लांकडासाठीं १८ अंशांचा उतार सांगतो. कोन लहान तर कापणी चांगली, मोठा तर पातें बळकट, हेंही सांगतो. तत्त्व बिनचूक आहे. आंकडे चकित करणारे आहेत. आज सामान्य पटाशीस २५ ते ३० अंश व ठोकून खांचा पाडावयाच्या जाड पटाशीस ३० ते ३५ अंश ठेवतात. ३० अंशांच्या उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट भरते, १२ अंशांच्या उताराची जवळजवळ पांचपट! एवढी निमुळती धार मोगरीच्या पहिल्या ठोक्यालाच दुमडेल, नाहीं तर तिचा तुकडा उडेल.

मग मॉक्सन चुकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. रंध्याचें पातें लांकूड सोलतें, त्यावर मोगरी पडत नाहीं. शिवाय हा कोन मोठ्या शाणेवरचा. त्यानंतर बारीक दगडावर धार तेज करतांना हात किंचित् उभा होतोच, आणि लांकडांत शिरते ती टोकाची तेवढी केसभर पट्टी. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यानें मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. त्यापूर्वींचें पोलाद एकजीव नसे. एकाच पात्याची धार आज टिकावी आणि पुढें झिजून दुसरा भाग उघडा पडला कीं टिकूं नये, असें होण्यास जागा होती. अशा वेळीं कोणता सुतार ग्रंथ उघडील? तो हात थोडा उचलून पुन्हां घासील.

बेंजामिन सीटन या तरुण सुतारासाठीं १७९६ सालीं घेतलेलीं हत्यारें, त्यानें केलेल्या पेटीसह, केंटमधील रॉचेस्टरच्या संग्रहालयांत आहेत. तीं फारशीं वापरलीं गेलीं नाहींत. म्हणून पहिल्या हाताचा कोन इतर कोठल्याही जुन्या पटाशीपेक्षां तेथें सांपडण्याचा संभव अधिक.